नावापुढे बाई

माझ्या फोनमध्ये आईचा नंबर ‘बाई’ या नावाने आहे आणि तो तसाच राहणार. नवऱ्याने एकदा सुचवून बघितलं, अगं ‘आई’ कर, लोकांचा गैरसमज होतो. मी म्हटलं, ज्याला करून घ्यायचा त्याने खुशाल करून घ्यावा गैरसमज. तो दूर करायला मी बसलेच आहे. त्यानंतर त्याने विषय काढलेला नाही.

आम्ही तिघं भावंडं आईला बाईच म्हणतो. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा दोन लहान दीर होते. ते तिला बाई म्हणायचे आणि ऐकून ऐकून आमच्याही तोंडात तेच बसलं. अमळनेरकडच्या आमच्या गावात मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, शाळेत शिकवणारीला बाई म्हणतात, आणि श्रावणात नारळाला नथ घालून, दागिने घालून आम्ही जी देवी बसवतो तिचंही नाव कानबाई. सुरतेत गोडादऱ्याला आमच्या गल्लीत सगळे खानदेशातलेच. तिथे कुणी कुणाला बाई म्हटलं की त्यात मानच असायचा. या शब्दाला दुसरी बाजू असते हे मला गल्ली सोडून बाहेर पडेपर्यंत माहीतच नव्हतं.

बाहेर, म्हणजे मोठ्या सोसायट्यांमध्ये, बाई म्हणजे भांडी घासायला येते ती. आणि महाराष्ट्रातल्या वाचकांनी लगेच मान डोलवायची गरज नाही. माझी पुण्याची मावसबहीण फोन उचलल्यावर पहिलं वाक्य हेच बोलते, आज बाई आली नाही गं. शब्द तोच, माणसं तीच, फक्त तुम्हाला त्याची सवय झालेली आहे.

तर हे सगळं ठाऊक नसताना मी एम.कॉम.ला विद्यापीठात गेले. गोडादऱ्याहून दोन बस बदलाव्या लागायच्या. वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, बारा तासांची पाळी. बाई घरी बसून साड्यांचे धागे कापायची. मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे येतात, त्यांच्या मागच्या बाजूला भरतकामाचे लोंबते धागे असतात, ते बोटभर कात्रीने कापून साडी साफ करून द्यायची. आमच्या गल्लीत दुपारी प्रत्येक उंबऱ्यावर अशी एक बाई आणि तिच्या पायाशी रंगीत धाग्यांचा ढीग दिसायचा. ती छोटी कात्री आईच्या कमरेला पिशवीत कायम असायची, लग्नाला गेली तरी.

विद्यापीठात मुलींचं एक मंडळ होतं. कागदोपत्री त्याचं काही लांबलचक नाव असेल, सगळे मंडळच म्हणायचे. लायब्ररीच्या मागे त्यांची एक खोली होती. दोन कपाटं, चहाची किटली, भिंतीला टेकवलेल्या गाद्या. नवरात्रीत विद्यापीठाचा गरबा तेच मंडळ बसवायचं, पण ते वरवरचं काम. खरी गोष्ट अशी की त्या खोलीतल्या मुली एकमेकींच्या बहिणी व्हायच्या. नव्या मुलीला एक मोटीबेन मिळायची, म्हणजे वरच्या वर्गातली थोरली बहीण. ती नोट्स द्यायची, मुलाखतीला काय घालायचं ते सांगायची, ताप आला तर घरी सोडायची. आणि प्रवेशाच्या दिवशी नावापुढे ‘बेन’ लागायचं. गुजरातेत तसं ते प्रत्येकीलाच लागतं. माझ्या शाळेच्या दाखल्यावर मला बेन आणि वडिलांना भाई केव्हाच चिकटवलेलं होतं. पण मंडळाचं बेन वेगळं. ते लोक मनापासून म्हणायचे.

या मंडळात अर्ज करता येत नसे. कुणीतरी तुम्हाला विचारायचं. मला विचारलं ते बसस्टॉपवर. एका मुलीला संख्याशास्त्राचं एक गणित सुटत नव्हतं, मी ते तिच्या वहीच्या मागच्या पानावर सोडवून दिलं. ती एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती, वडिलांचं रिंगरोडच्या मार्केटमध्ये साड्यांचं दुकान. तिने गणित बघितलं, मला बघितलं आणि म्हणाली, तू आमच्याकडे ये. तीच पुढे माझी मोटीबेन झाली. वाईट मुलगी नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणीतरी तिच्या नावाने बोटं मोडणार, आणि तिच्या आधी माझ्या नावाने मोडायला हवीत.

मला त्यांच्यात जायचं होतं. याला मी आता काही भारदस्त नाव देणार नाही. त्या गादीवर पाय पसरून बसायचं होतं, त्यांच्यासारखं मोठ्याने हसायचं होतं, आणि मला कुणी आपली म्हणायला हवं होतं. माझं गुजराती इतकं साफ की कुणाला शंका यायची नाही, आणि आडनावही दोन्हीकडे खपणारं. मी कुठली, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

एका दुपारी खोलीत माझा फोन चार्जिंगला लावलेला होता. तो वाजला. मोटीबेनने वाकून बघितलं आणि तिथूनच ओरडली, “तारी बाईनो फोन छे! काम पर नथी आववानी के शुं?”

तुझ्या बाईचा फोन आहे, आज कामावर येणार नाही की काय. तिने एवढंच विचारलं, सहज, किटलीतून चहा गाळता गाळता. मला उत्तर द्यायला एक क्षण पुरला असता. आई आहे माझी, असं म्हणायचं होतं, बस. मी फोन कापला आणि म्हणाले, “हा, एवुं ज कंई हशे.”

हो, तसंच काहीतरी असेल.

हे मी बोलले. कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नाही, कुणी मला खिंडीत गाठलं नव्हतं. खोलीत पाच मुली होत्या, त्यांनी लक्षसुद्धा दिलं नाही. मी मात्र गादीवर जरा सैलावून बसले. मला बरं वाटलं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. घरी काम करायला बाई येते म्हणजे मी बऱ्या घरची, असा हिशेब त्यांनी न बोलता केला होता आणि मला तो आवडला होता.

संध्याकाळी आईने आमच्या अहिराणीत विचारलं, “फोन काब्र कापा तू?” का कापलास. मी म्हटलं लेक्चर चालू होतं. माझा डबा घरी राहिला होता, एवढंच तिला सांगायचं होतं. तो डबा तिने मला गरम करून वाढला आणि मी तो जेवले.

एकदा खोटं बोललं की त्याला टेकू लागतात. मंडळात नव्या मुलीला ओढणी द्यायची पद्धत होती. नवरात्रीच्या तीन आठवडे आधी, रविवारी सकाळी कार्यक्रम असायचा. लाल ओढणीचं एक टोक मोटीबेन धरायची, दुसरं मुलीची आई, आणि दोघी मिळून ती मुलीच्या डोक्यावर घालायच्या. म्हणजे घरच्या आईने मुलगी या बहिणींच्या हवाली केली. छान पद्धत होती, मला आजही आवडते. पण मला विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं की माझी मम्मी गावी असते, आजी अंथरुणावर आहे, तिला यायला जमणार नाही. आजी तेव्हा धडधाकट होती, शेतात जायची. मोटीबेनने माझ्या पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्या एका मुलीची आई माझंही टोक धरेल असं ठरलं. मला ओढणी मिळणार होती, माझ्या आईच्या हाताशिवाय, आणि मी ते मान्य केलं होतं.

कार्यक्रमाच्या आठवड्यात हॉस्टेलची भांडी घासणारी बाई गावी गेली, मंडळाच्या कामालाही तीच यायची. चहा-नाश्त्याला ऐंशी-शंभर माणसं येणार, कप-बश्या कोण धुणार? माझा फोन मोटीबेनच्या हातात होता, मी तिला गरब्याचा एक व्हिडिओ दाखवत होते. मी पाण्याची बाटली भरायला बाहेर गेले. कूलरला रांग होती. तेवढ्या वेळात तिने माझ्या फोनवरून बाईला फोन लावला.

हे मला तेव्हा कळलं नाही. आईकडून सगळं नंतर ऐकलं. मुलीच्या नंबरवरून फोन आला, आणि पलीकडून कुणी दुसरीच मुलगी गोड आवाजात म्हणाली, बाई, रविवारे सवारे दस वागे आवशो ने? अहीं युनिवर्सिटीना हॉलमां बेननुं फंक्शन छे. बे-त्रण कलाक लागशे. म्हणजे रविवारी सकाळी दहाला याल ना, इथे विद्यापीठाच्या हॉलमध्ये बेनचा कार्यक्रम आहे, दोन-तीन तास लागतील. आई म्हणाली, हा, आवीश, येईन.

आता यात कुणाची काय चूक काढणार? मोटीबेनने कामाला बोलावलं आणि आईने ते आमंत्रण समजून घेतलं. तिला लग्न झाल्यापासून घरचे बाई म्हणत आले. परकी मुलगी, विद्यापीठात शिकणारी, आणि ती ‘आवशो ने’ असं अदबीने विचारते आणि बाई म्हणते. आईने मनाशी ठरवून टाकलं की मुलीने मैत्रिणींना घरातलं सगळं सांगितलेलं आहे, आम्ही आईला काय म्हणतो तेसुद्धा. मुलगी स्वतः बोलवायला लाजत असणार म्हणून मैत्रिणीने फोन केला. त्या दिवशी ती खूश होती. मी घरी गेले तर गुणगुणत होती, आणि मी तिला विचारलंसुद्धा नाही कशाला.

शनिवारी ती तिची मोरपंखी साडी इस्त्री करत बसली होती. ती साडी वर्षातून एकदा निघायची, कानबाईच्या दिवशी. मी विचारलं कुठे निघालीस. “जानं शे एक जागे,” ती म्हणाली आणि हसली. मला वाटलं गल्लीतल्या कुणाचा साखरपुडा असेल. माझं डोकं उसन्या आणलेल्या चणिया-चोळीत अडकलं होतं, ती कमरेला सैल होत होती.

रविवारी मी सकाळी लवकर पोचले. खुर्च्या मांडून झाल्या, पहिल्या रांगेत आया बसायच्या म्हणून तिथे पांढरी कापडं घातली. मोटीबेन माझ्याजवळ आली, कपाळावरची माझी बिंदी नीट केली आणि म्हणाली, कप-बश्यांची काळजी मिटली बरं का, तुझ्या बाईला मी फोन केलाय, ती येते म्हणाली.

मोरपंखी साडी डोळ्यांसमोर उभी राहिली. मी फोन काढला. आता आईला काय सांगणार होते? येऊ नकोस? मी तिचा नंबर लावला, दोनदा लावला. तिने उचलला नाही. बसमध्ये तिचा फोन पिशवीच्या तळाशी असतो.

दहाला पाच कमी असताना ती दारात उभी होती. डोक्यावरून पदर, केसात अबोली, हातात स्टीलचा मोठा डबा. डब्यात मांडे होते. आमच्याकडे पुरणाचे मोठे मोठे मांडे उपड्या खापरावर भाजतात. पहाटे मी आंघोळ करून निघेपर्यंत ती चुलीकडे फिरकली नव्हती आणि मी गेल्यावर एकटीने सगळे केले होते. सगळ्या मुलींना पुरतील एवढे.

मोटीबेन पुढे गेली. “आवी गया बाई? सारुं. कप पाछळ चोकडीमां छे.” कप मागच्या मोरीत आहेत.

आई हसली. तिला वाटलं आधी चहा घ्या म्हणतेय. डबा पुढे करून म्हणाली, “आ बधी बेनो माटे.” हे सगळ्या बेनींसाठी. मोटीबेनने डबा घेतला, जरा गोंधळली, टेबलाच्या कडेला ठेवला आणि पुन्हा मागच्या दाराकडे हात केला. आईने त्या हाताकडे बघितलं. मग पहिल्या रांगेकडे बघितलं, तिथे रेशमी साड्यांमधल्या आया बसलेल्या होत्या. मग माझ्याकडे.

मी खांबाशी उभी होते. माझ्यात आणि तिच्यात दहा पावलं. ती दहा पावलं मी चालत गेले, एवढंच काय ते माझ्या बाजूने सांगण्यासारखं आहे. तेही मी पळत गेले नाही. चालत गेले, आणि निम्म्या वाटेत मला मागे वळावंसं वाटलं होतं. पण आईच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. ते जायच्या आत पोचायचं होतं.

“आ मारी मम्मी छे,” मी म्हणाले. “अमे एने बाई कहीए छीए.” ही माझी आई, आम्ही हिला बाई म्हणतो.

बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं. मोटीबेनचा चेहरा पडला, आणि मग, माणूस गोंधळला की जे डोक्यात असतं तेच तोंडातून येतं तसं, ती म्हणाली, पण तूच म्हणाली होतीस ना कामवाली म्हणून? त्या दिवशी फोन आला तेव्हा?

तिने ते आईच्या समोर विचारलं. मुद्दाम नाही. तिला खरोखर कळत नव्हतं. आणि आईला एवढं गुजराती चांगलं समजतं. तीस वर्षं या गावात काढली आहेत तिने.

मला तिथल्या तिथे जमिनीने गिळायला हवं होतं, पण जमीन असल्या वेळी कामाला येत नाही. पहिल्या रांगेतल्या आया माना वळवून बघत होत्या. आईने माझ्याकडे बघितलं नाही. पदर नीट केला, सगळ्या रांगेकडे तोंड केलं आणि तिच्या त्या मोडक्या गुजरातीत मोठ्याने म्हणाली,

“साची वात छे. घरनुं बधुं काम हुं ज करूं.”

खरं आहे, घरातलं सगळं काम मीच करते.

पहिल्या रांगेतली एक जाड चष्म्याची आई खदखदून हसली. आमच्याकडे पण तसंच आहे, ती म्हणाली. मग सगळ्याच हसल्या. त्या सगळ्या बायकांना ते एकदम पटलं. कुणीतरी सरकून जागा केली, कुणीतरी पाणी आणलं. मोटीबेन लालबुंद होऊन आईच्या पाया पडायला वाकली आणि आईने तिला वरच्या वर धरलं. सगळं निभावलं. माझं खोटं माझ्या आईने स्वतःच्या अंगावर घेऊन विनोद करून टाकलं.

मला हसू आलं नाही. मला राग आला, असा राग की कान गरम झाले. त्यांचा नाही, आधी माझा आला. आणि मग त्या सगळ्या गोड व्यवस्थेचा आला, जिच्यात कुणाचीच चूक नसते आणि बरोबर एकाच बाईला हसून वेळ मारून न्यावी लागते.

कार्यक्रम सुरू झाला. ओढणीच्या आधी नव्या मुलीने वहीत नाव लिहायचं असतं, स्वतःचं नाव, पुढे बेन. मंडळाची प्रमुख, शेवटच्या वर्षाची मुलगी, वही धरून उभी होती. मी पेन घेतलं, नाव लिहिलं, आणि पुढे लिहिलं ‘बाई’.

प्रमुख हळूच म्हणाली, चुकलं तुझं. मी म्हटलं, नाही चुकलं. तिने हसत हसत त्यावर रेघ मारली. मी खालच्या ओळीत पुन्हा तेच लिहिलं. आता ती हसली नाही. म्हणाली, हे मंडळ बेनींचं आहे, इथे सगळ्या सारख्या, इथे सगळ्यांना बेन. मी म्हटलं, सगळ्या सारख्या ना, मग माझी बाई तुमच्या बेनएवढीच झाली. लोक हसतील तुला, ती म्हणाली. मी म्हटलं, हसू देत, आत्ता हसलेच की. तिने दुसऱ्यांदा रेघ मारली. मी तिसऱ्या ओळीत लिहिलं, आणि या वेळी इतकं दाबून लिहिलं की खालच्या पानावर उमटलं.

मागे कुजबुज सुरू झाली. चहा निवत होता. खमण वाळत होतं. आता पानावर चौथी, शेवटची ओळ तेवढी उरली होती. प्रमुखने पानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तिसरी रेघ न मारताच वही मिटली. कुणाचं मन वळलं, कुणाला काही उमगलं, असलं काही झालं नाही. तिला उशीर होत होता आणि मी हटत नव्हते. पुष्कळ गोष्टी अशाच मिळतात, आणि अशा मिळालेल्या मी परत करत नाही.

दुसऱ्या मुलीची जी आई माझंही टोक धरणार होती, तिने ओढणीचं टोक माझ्या आईच्या हातात दिलं. एका टोकाला मोटीबेन, दुसऱ्या टोकाला बाई. दोघी ती माझ्या डोक्यावर आणणार, एवढ्यात आई थांबली. तिने ओढणीची किनार उलटी करून डोळ्यांजवळ धरली. जरीच्या मागे दोन धागे लोंबत होते. सगळं सभागृह ताटकळलेलं, आणि हिने कमरेच्या पिशवीतून ती बोटभर कात्री काढली, कट कट दोन्ही धागे कापले, ते मुठीत धरले, आणि मग ओढणी घातली. मोटीबेनला म्हणाली, माल चांगला आहे, साफ करणाऱ्याने घाई केली. मोटीबेनच्या वडिलांच्या दुकानातून आलेली ओढणी होती ती.

मंडळात मी पुढे एम.कॉम. संपेपर्यंत होते, नावापुढे बाई लावूनच. ते सोपं गेलं असं नाही. काही जणी मुद्दाम म्हणायच्या, बाई, जरा पाणी आण ने. मी म्हणायचे, बाई सांगतेय, तूच आण, आणि येताना माझ्यासाठीही आण. मोटीबेनने एकदा माफी मागितली. मी तिला म्हटलं, तू जे समजलीस ते मीच तुला समजू दिलं, आपण दोघी मिळून मागू, आणि जिची मागायची ती धागे कापतेय. तेव्हा ती घरी आली. उंबऱ्यावर बसून तिने दोन साड्यांचे धागे कापून बघितले, तिसरीला भोक पाडलं. आईने तिला हाकललं.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी आम्ही दोघी बसने परत निघालो. दुपारची वेळ, बसायला जागा मिळाली. माझ्या डोक्यावर अजून ती ओढणी होती आणि आईच्या मांडीवर रिकामा डबा. मांडे पाच मिनिटांत संपले होते. आई खिडकीतून बाहेर बघत होती. एक बस बदलली, दुसरीत बसलो, तिथेही ती खिडकीशीच बसली. तिने एखादी थोबाडीत दिली असती तरी चाललं असतं.

शेवटी ती खिडकीकडेच बघत म्हणाली, “फोन काब्र कापा व्हता तू?”

तोच प्रश्न, दुसऱ्यांदा. आता लेक्चर नव्हतं.

“लाज वाटली,” मी म्हणाले.

“मनी?” माझी?

मला सांगता आलं असतं, तुझी नाही गं, त्या शब्दाची, आपल्या गल्लीची, माझीच. हे सगळं थोडं थोडं खरंही होतं. पण तिने सरळ विचारलं होतं.

“हो,” मी म्हणाले.

तिने मान हलवली. डब्याच्या झाकणावर बोट फिरवत राहिली. मुठीतले ते दोन लाल धागे तिने कधीतरी पिशवीत टाकले असावेत. मग माझ्याकडे वळली, माझ्या मांडीवरच्या फोनकडे बोट केलं आणि म्हणाली, “लाव.”

“कुणाला?”

“माले.” मला.

मी लावला. माझ्या फोनवर ‘बाई’ ही अक्षरं उमटली. माझ्या शेजारच्या पिशवीत, तळाशी, तिचा फोन वाजायला लागला. तिने तो सावकाश शोधला. कात्री बाहेर आली, रुमाल आला, बसचं तिकीट आलं, मग फोन. तिने तो कानाला लावला आणि समोर बघत, मी दूर कुठेतरी असल्यासारखी, म्हणाली,

“बोल, बाई.”

मला ती पोरी म्हणते, माय म्हणते, रागावली की पूर्ण नावाने हाक मारते. बाई तिने मला त्याआधी कधी म्हटलं नव्हतं.

बसमध्ये मी तोवर अहिराणीतला एक शब्द उच्चारला नव्हता. बसमध्ये मी गुजराती असायचे. मी फोन कानाला लावला आणि इतक्या मोठ्याने बोलले की पुढच्या सीटवरच्या दोघी वळून बघायला लागल्या.

“बाई, मी बोलस. आयकू यी राह्यनं का?”

त्या दोघी बघतच होत्या. बघू देत.